आधी गाऱ्हाणं, मग आभार

माझ्या सासूबाई देवाशी भांडायच्या. रोज सकाळी, चहाच्या आधी, लोखंडी पलंगाच्या कडेला बसून, डोक्यावर पदर घेऊन, चांगल्या खणखणीत आवाजात. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला लग्न होऊन मी कोल्हापूरच्या मिशन कंपाउंडमधल्या त्यांच्या तीन खोल्यांच्या घरात आले. दुसऱ्याच सकाळी तो आवाज ऐकला आणि मला वाटलं, दारात कुणीतरी आलंय आणि आत्या त्याला झापतायत. आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात, मीही पहिल्या दिवसापासून तेच म्हणत आले. बाहेर येऊन बघते तर दारात कुणी नाही. आत्यांचे डोळे मिटलेले, हात जोडलेले आणि तोंडाचा पट्टा चालू. "दोन दिस झालं, नळाला पाणी न्हाय. तुला दिसतंय न्हवं? घरात नवी सून आलीया. तिनं आंघोळ कशानं करायची?"

मी माहेरची नेसरीकडची. वडील शाळामास्तर. आमच्या घरीही प्रार्थना होती, पण ती इस्त्री केलेली. जेवणाआधी वडील दहा सेकंदांत आभार मानायचे आणि आम्ही भावंडं आमेन म्हणून ताटावर तुटून पडायचो. देवाला काय म्हणायचं ते ठरलेलं होतं, आणि इतक्या वर्षांत त्यालाही ते पाठ झालं असणार. त्यामुळं आत्यांचा हा प्रकार मला पाप वाटला, आणि खरं सांगायचं तर जरा गावंढळही वाटला.

आत्यांची सगळी नोकरी मिशनच्या दवाखान्यात गेली होती, नर्स म्हणून. सासरे मी यायच्या आधीच वारलेले. प्रार्थना सुरू व्हायची ती थेट पवित्र शास्त्राच्या जुन्या मराठीत, "हे आमच्या स्वर्गीय बापा, तू दयाळू आहेस, तू मंदक्रोध आहेस," अशी. तेवढं झालं की भाषा घसरत घसरत कोल्हापुरात यायची. मग गाऱ्हाणी. नळ, गॅस, गुडघे, शेजारणीचा रेडिओ, मुलाची सर्दी, आणि पुढं पुढं मीसुद्धा. "सून कामाची हाय, पर तोंडाला कुलूप न्हाय," हे मी माझ्या कानांनी ऐकलंय, आणि तेही मी चार हातांवर चहा ढवळत असताना. सगळं सांगून झालं की त्या एक मोठा श्वास घ्यायच्या आणि म्हणायच्या, "बरं. आता आभार."

या आभारांना त्यांचा एक नियम होता. सरसकट आभार मानायचे नाहीत. "सगळ्याबद्दल आभार म्हंजे कशाबद्दलच न्हाय," असं त्यांचं म्हणणं. एकच गोष्ट सांगायची, पण नेमकी, आणि ती कालची असली पाहिजे. "काल गॅस संपला त्यो डाळ शिजल्यावर संपला, त्याबद्दल आभार." "कपिलतीर्थाच्या मंडईत भाजीवालीनं पडवळाखाली दडपून कोथिंबीर घातली, त्याबद्दल आभार." माझी मुलगी झाली तेव्हा मी बारा तास ओरडत होते. दुसऱ्या सकाळी आत्यांनी देवाचे आभार मानले ते पोर सुखरूप झाल्याबद्दल असतील असं मला वाटलं, तर नाही. रात्रपाळीची नर्स जागी होती, त्याबद्दल. स्वतः नर्स असल्यामुळं त्यांना त्याची किंमत ठाऊक होती.

मी मुळात कुरकुरी. नाकावर राग, जिभेवर तिखट. एकदा मी विचारलंच, "आत्या, शेवटी आभारच मानायचे तर आधी एवढं भांडायचं कशाला?"

"मनात एक आन् तोंडात एक, हे माणसासंगं चालतंय," त्या म्हणाल्या. "त्याच्यासंगं न्हाय चालत. दुखतंय तर दुखतंय म्हणावं. त्यो काय पावणा हाय व्हय, त्याच्यापुढं घर झाकून ठेवायला?"

"आणि मग आभार कशाला?"

"म्हंजे? भांडलो म्हणून काय आई आई न्हाय ऱ्हात?"

मला हे पटलं नाही. माझ्या नवऱ्याचा फाउंड्रीतला जॉब गेला त्या वर्षी तर मला त्या आभारांची चीडच आली. आधी ओव्हरटाइम बंद झाला, मग पाळी बंद झाली, मग गेटच बंद झालं. त्या सकाळी आत्यांचं गाऱ्हाणं चांगलं अर्धा तास चाललं. देवानं मालकाला अक्कल का दिली नाही, इथपासून सुरुवात होती. मला मनातून बरं वाटत होतं, कुणीतरी बोलतंय म्हणून. आणि शेवटी "बरं. आता आभार. माज्या लेकाची धाही बोटं शाबूत ठेवून त्याला घरी लावून दिलास, त्याबद्दल आभार."

मी पोळपाट आपटला. "बोटं शाबूत आहेत, पण त्या बोटांना काम कुठाय?"

आत्यांनी डोळे उघडले नाहीत. "ते वर सांगून झालंय की," एवढंच म्हणाल्या, आणि आमेन केलं.

त्यांनी आयुष्यभर दवाखान्यात कारखान्यात बोटं तुटलेले हात बघितले होते, पट्ट्या बांधल्या होत्या. मी ते विसरले होते. नवऱ्याला पुढं दीडेक वर्षानं कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत काम मिळालं, तेव्हा मी पेढे वाटले. आत्यांनी त्या दिवशी आभार मानले ते बस वेळेवर आल्याबद्दल.

पण आत्यांचा खरा जीव होता तो महिन्याच्या पहिल्या रविवारात. त्या दिवशी आमच्या चर्चमध्ये प्रभुभोजन असतं. ख्रिस्तानं, क्रुसावर जाण्याच्या आदल्या रात्री, शेवटच्या जेवणाच्या वेळी शिष्यांना भाकर मोडून दिली आणि प्याला दिला, त्याची ती आठवण. भाकर म्हणून ब्रेडचे बारीक तुकडे आणि द्राक्षारस म्हणून काळ्या मनुकांचा रस, इवल्याशा काचेच्या ग्लासांत. हा रस आणि ब्रेड आमच्या घरातून जायचा. आत्यांच्या आधी त्यांच्या सासूबाई करायच्या. त्यांच्यानंतर सगळं आत्यांकडं आलं, आणि त्या कामाला त्यांनी कधी कुणाला हात लावू दिला नाही.

लक्ष्मीपुरीतल्या एका ठरलेल्या दुकानातून मनुका यायच्या. शुक्रवारी त्या भिजत पडायच्या, शनिवारी उकळायच्या, मग मलमलीतून गाळून, बेताची साखर घालून, गार करून बाटलीत. बाटली जुनी, सरबताची, गरम पाण्यानं चारदा धुतलेली. ब्रेडच्या कडा कापून पांढऱ्या भागाचे बोटाच्या पेराहून लहान तुकडे करायच्या, सगळे एकसारखे. उरलेल्या कडा कांदा-मिरची घालून परतायच्या, की आमचं शनिवारचं संध्याकाळचं खाणं झालं. माझ्या मुलीला त्या कडा इतक्या आवडायच्या की प्रभुभोजनाचा अर्थ तिला आधी पोटातून कळला.

रविवारी आत्या सगळ्यांच्या आधी चर्चमध्ये जायच्या. वेदीमागच्या लहान खोलीत, म्हणजे व्हेस्ट्रीत, एकट्या बसून ग्लास भरायच्या. पाळकसाहेब टेबलाशी उभे राहून वचन वाचत, प्रार्थना करत, तेव्हा आत्या व्हेस्ट्रीच्या दारात दुसरा ट्रे घेऊन उभ्या असायच्या. माणसं किती, ग्लास पुरतील का, मागच्या बाकावर पावणं कोण आलंय, सगळं लक्ष तिकडं. त्यांचा स्वतःचा ग्लास सगळ्यांच्या शेवटी, उभ्याउभ्या, रिकाम्या बाटलीशेजारी. तीस-पस्तीस वर्षं हेच.

मला त्यांचं कौतुक वाटायला कधी लागलं ते सांगता येणार नाही. सून म्हणून मी ते बरीच वर्षं स्वतःपासूनही लपवलं. पण माणूस रोज उठून आपली दुखणी न लपवता मांडतो आणि त्यांच्याच शेजारी एक बरी गोष्ट शोधून ठेवतो, हे सोपं नाही. मी लपूनछपून एकदोनदा करून बघितलं. गाऱ्हाणी मला धडाधड सुचली. आभाराला कालच्या दिवसातलं काही आठवेना, आणि चहा उतू गेला.

पुढं दोन हजारच्या नंतरची गोष्ट. आत्यांनी सत्तरी ओलांडली होती. त्या सुमाराला त्यांनी घरात जिथं तिथं पट्ट्या बांधायला सुरुवात केली. दवाखान्यातल्या गॉज पट्टीच्या, बोटभर रुंदीच्या. मिठाच्या डब्याच्या कडीला एक गाठ, साखरेच्या डब्याला दोन. स्वतःच्या टूथब्रशला एक. द्राक्षारसाच्या बाटलीच्या गळ्यालाही एक पट्टी, घट्ट गाठ मारलेली. मी म्हटलं, नर्सबाईंचं म्हातारपण, काहीतरी बांधल्याशिवाय चैन पडत नाही. शास्त्र वाचायला त्या नातीला पुढं बसवायच्या, "वाच बघू, तुजं वाचन कसं झालंय बघूया," म्हणून. तांदूळ निवडताना नजर भिंतीवर आणि बोटं परातीत असायची. हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मला काही दिसलं नाही.

असं चालू असताना एका वर्षी मे महिन्यात नवऱ्याच्या एका कोकणातल्या सहकाऱ्यानं सुट्टीवरून येताना आम्हाला कोकमाचं आगळ आणलं. मीठ घालून ठेवलेला नुसता कोकमाचा रस, पाणी घालून सरबत किंवा भातावर घ्यायला सोलकढी करायची ते. आणलं तेही सरबताच्याच जुन्या बाटलीत. रंग म्हणाल तर तसाच, काळपट लाल. महिन्याचा पहिला रविवार दुसऱ्याच दिवशी होता. शनिवारी दुपारी मी फ्रिज धुवायला काढला. दोन्ही बाटल्या बाहेर काढल्या. द्राक्षारसाच्या बाटलीवरची पट्टी साखरेनं चिकट झालेली, कडेला काळी पडलेली. माझं डोकं आधीच तापलेलं. कात्री हाताशी होती. पट्टी कापली, केरात टाकली, बाटली लख्ख पुसली आणि जागा मिळेल तिथं दोन्ही बाटल्या ठेवून दिल्या.

सकाळी आत्यांनी दाराच्या कप्प्यातल्या नेहमीच्या कोपऱ्यातली बाटली उचलली. पट्टी हाताला लागली नाही, तरी जागा तीच म्हणून पिशवीत घातली. त्यांना सर्दी झाली होती, नाकाला बाम चोपडलेला, त्यामुळं वासाचाही आधार नव्हता.

उपासना नीट चालली होती. पंखे फिरत होते. पाळकसाहेबांची प्रार्थना झाली, ट्रे फिरले. आमच्याकडं सगळ्यांना मिळेपर्यंत ग्लास हातात धरून थांबतात आणि मग एकदम पितात. साठ-सत्तर माणसांनी माना खाली घालून, पवित्र मनानं, पाणी न घातलेलं खारट आगळ एका घोटात घशाखाली घातलं.

कुणी काही बोललं नाही. बोलणार काय, प्याला प्रभूचा. पण माना वर झाल्या तेव्हा प्रत्येकाचं तोंड वेगळ्या दिशेला वाकडं होतं. माझ्या शेजारच्या बाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते पश्चात्तापाचं नव्हतं. पाळकसाहेब पुढचं गीत सांगायला उभे राहिले आणि त्यांच्या घशातून आवाजच निघेना. व्हेस्ट्रीच्या दारात आत्या उभ्या होत्या. त्यांनी आपला ग्लास सगळ्यांच्या शेवटी तोंडाला लावला, तेव्हा त्यांना कळलं.

बाहेर पायऱ्यांवर चर्चच्या पंचकमिटीतले एक वयस्कर गृहस्थ, मोठ्या आवाजाचे, आत्यांना म्हणाले, "नर्सबाई, सोबत भात बी आणायचा हुतासा की!" सगळे हसले. वाईट मनानं नव्हे, कोल्हापुरात असं हसतातच. आत्याही हसल्या. मग त्या पायरी उतरायला गेल्या आणि जिथं पायरी नव्हती तिथं त्यांनी पाय टाकला.

त्याच आठवड्यात आम्ही त्यांना राजारामपुरीतल्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडं नेलं. काचबिंदू. डावा डोळा पुरता गेलेला. उजव्यात मधोमध बांगडीएवढं काहीतरी उरलेलं. डॉक्टर सरळ माणूस होता. म्हणाला, गेलेली नजर परत येत नाही, उरलेली थेंब घालून टिकवायची. आत्यांनी विचारलं, "कवापर्यंत?" डॉक्टर म्हणाला, सांगता येत नाही.

मग एका संध्याकाळी पाळकसाहेब आणि ते मोठ्या आवाजाचे पंच घरी आले. चहा झाला. पंच म्हणाले, पुढच्या महिन्यापासून दुकानातला पाकिटातला रस आणू, तरुण पोरं सगळं करतील, नर्सबाईंनी आता आराम करावा. पाळकसाहेब कपाकडं बघत होते. आत्या म्हणाल्या, "बरं."

दुसऱ्या सकाळी गाऱ्हाणं झालं. थेंबांची आग होते, पंचाला बोलायचं वळण नाही, वगैरे. मोठा श्वास झाला. "बरं," आत्या म्हणाल्या. मी चहा ढवळायची थांबले. पुढचे शब्द आलेच नाहीत. त्या नुसत्या बसून राहिल्या, मग पदर काढला आणि उठल्या.

त्याच्या दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशीही. माझ्या मनात त्या आभारांची किती वर्षं चीड होती, आणि आता मी रोज स्वयंपाकघराच्या दाराआड श्वास रोखून उभी राहत होते. मला भीती वाटत होती, साधी सरळ भीती. या बाईंचे आभार संपले तर आमच्या घरात उरणार काय, असं वाटायचं. आणि भीतीच्या खाली ती कापलेली पट्टी होती. रविवारी दुपारी फ्रिज उघडला तेव्हा द्राक्षारसाची भरलेली बाटली मधल्या कप्प्यात लख्ख उभी होती. आत्या हातांनी बघत होत्या, आणि त्यांच्या हातांसमोरचा दिवा मी काढून घेतला होता. सगळे म्हणत होते नजरेची चूक झाली. मी कुणाला बोलले नाही, नवऱ्यालाही नाही.

आठवडा झाल्यावर आत्यांनी मला हाक मारली. "आत ये. हितं बस. माज्याच्यानं फुडचं हुईना झालंय. गाऱ्हाणं हुतंय, आन् आभाराशी आलं की अडतंय. आजच्यापुरतं तू मान माज्या वाटचं."

मी आयुष्यात कधी मोठ्यानं प्रार्थना केलेली नव्हती. पलंगावर त्यांच्या शेजारी बसले, डोक्यावर पदर घेतला. "हे आमच्या स्वर्गीय बापा," एवढं म्हणून झालं. कालच्या दिवसातलं काहीतरी बरं आठवायचं होतं. तोंडातून आलं ते भलतंच. "बापा, त्या बाटलीची पट्टी मी कापली. आत्यांची चूक नव्हती. मी कापली आणि गप्प बसले."

आत्यांनी तोंड माझ्याकडं वळवलं.

"आमेन म्हण आधी," आत्या म्हणाल्या. "मग बघते तुज्याकडं."

मी आमेन म्हटलं आणि आत्यांनी जे सुरू केलं ते विचारू नका. कात्री हातात आली की कापायचं व्हय, एक शब्द इचारला असतास तर तोंड झिजलं असतं काय, आन् इतकं दिवस तोंड शिवून बसलीस, लाज न्हाय वाटली. सगळं खरं होतं. पण माझा स्वभाव तो स्वभावच. मी उलटून म्हटलं, "आणि तुम्ही एक शब्द सांगितला असता तर? दिसत नाही म्हणून? एवढ्या पट्ट्या बांधल्यात, एकदा तरी सांगायचं!"

"सांगून काय, काम काढून घेटलं असतं."

"मला नका सांगू. देवाला तरी सांगितलं होतं?"

मी इतकी वर्षं दाराआड उभी राहून त्यांची गाऱ्हाणी ऐकली होती. नळ, गॅस, गुडघे, मी. डोळे त्यात एकदाही आले नव्हते. त्याच्यापुढं घर झाकून ठेवायचं नाही म्हणणाऱ्या बाईंनी एक खोली गेली तीन-चार वर्षं बंद ठेवली होती, आणि हे मलाही बोलता बोलताच कळलं.

त्यांनी माझा हात शोधला, धरला. "त्याला सांगितलं असतं तर ते खरं झालं असतं गं," त्या म्हणाल्या. आणि मग मिटलेल्या डोळ्यांनी, शास्त्राची मराठी नाही, काही नाही, "बापा, मला दिसंना झालंय," एवढं म्हणून त्या रडल्या. मी त्यांना रडताना पहिल्यांदा बघितलं. मीही रडले. चहा त्या दिवशी कुणालाच मिळाला नाही.

संध्याकाळी मी पाळकसाहेबांकडं गेले आणि पट्टीचं सगळं सांगितलं. म्हटलं, पाकिटं आणू नका, रस आमच्याच घरातून येईल. आत्या सांगतील, मी करीन, मीच भरीन. पाळकसाहेबांना बरं वाटलं. पंच म्हणाले, "चव बघून आणा म्हंजे झालं."

उरलेले दोन-अडीच आठवडे मी आत्यांच्या हाताखाली शिकले. मनुका किती फुगल्या की उकळायच्या ते त्या बोटांनी सांगायच्या, रस किती आटला ते वासावरून. ब्रेडचे तुकडे मी कापले ते त्यांनी चाचपून निम्मे परत केले. शिकवताना त्यांचा आवाज पूर्वीसारखा चढायचा. पण सकाळचे आभार अजून येत नव्हते. "आत्या, आता मानून टाका की," मी एकदा म्हटलं. त्या म्हणाल्या, "न्हाय. लटकं म्हणायचं न्हाय मला."

पहिला रविवार आला. व्हेस्ट्रीत मी ग्लास भरले. आत्यांना मी पुढच्या बाकावर नेऊन बसवलं होतं. इतक्या वर्षांत त्या बाकावर त्या प्रभुभोजनाला कधी बसल्या नव्हत्या. आता हातात ट्रे नाही, माणसं मोजायची नाहीत, करायला काहीच नाही. मांडीवर हात ठेवून नुसत्या बसल्या होत्या. दुसरा ट्रे घेऊन मी दारात उभी होते, म्हणून मला त्यांचा चेहरा नीट दिसत होता.

पाळकसाहेब दर महिन्याला वाचतात तेच वाचत होते. ज्या रात्री प्रभूला धरून देणार होते त्याच रात्री त्यानं भाकर हातात घेतली, आभार मानले आणि ती मोडली.

"त्याच रातीला?" आत्या म्हणाल्या.

त्यांना वाटलं असावं आपण मनात बोललो, पण ते अख्ख्या चर्चनं ऐकलं. पाळकसाहेब थांबले. ते चिडतील असं मला वाटलं. त्यांनी पुस्तकावरून नजर काढली आणि म्हणाले, "होय बाई. त्याच रात्री."

आत्यांनी मान हलवली. दारात उभ्या राहून हे शब्द त्यांच्या कानांवर तीनशेवेळा तरी पडले असतील, पण तेव्हा त्या ग्लास मोजत होत्या. ट्रे त्यांच्यापर्यंत आला. शेजारच्या बाईंनी ग्लास हातात दिला. सगळ्यांना मिळेपर्यंत त्या थांबल्या, आणि पिण्याआधी त्यांचे ओठ हलले. इतक्या लांबून मला ऐकू आलं नाही. पण मोठा श्वास मी ओळखते, आणि त्याच्यानंतर काय येतं तेही मला ठाऊक आहे. मी हातातला ट्रे खाली ठेवला आणि माझा ग्लास उचलला.

घरी येताना कंपाउंडमधल्या वाटेवर आत्यांनी माझा दंड धरला होता. मला राहवेना. मी विचारलं, "आज बरं वाटलं का आत्या? म्हणून मानलेत ना आभार?"

त्या थांबल्या. "बरं? बरं कुठलं वाटतंय? डोळं गेलं, हातातलं काम गेलं. सकाळधरनं रडू दाटून आलंय नुसतं." मग जरा वेळानं, कुणाला समजवावं तशा नाही, स्वतःलाच सांगावं तशा म्हणाल्या, "त्याला तरी त्या राती कुठं बरं वाटत हुतं?"